मुलांच्या पोहण्याच्या स्पर्धेला पंच हवेत, कोण येतंय?

ॲडमिन: क्लबचा निरोप आहे. मुलांच्या आंतरक्लब स्पर्धेला पंच कमी पडताहेत, पालकांपैकी कोणी स्वयंसेवक म्हणून येईल का विचारलंय. आपल्याकडे सी-७०१ ताई हे काम करतात, शंका त्यांना विचारा.

ए-१०३: येऊ की. आधी एवढं सांगा, मागच्या वेळी माझ्या मुलीला ब्रेस्टस्ट्रोकमध्ये बाद का केलं? पहिली आली होती. व्हिडिओ आहे माझ्याकडे, टाकू?

सी-७०१: नको दादा, लहान मुलीचा पोहतानाचा व्हिडिओ ग्रुपवर कशाला. मी त्या लेनवर नव्हते, त्यामुळे काय झालं ते मला सांगता येणार नाही. नियम सांगते. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये प्रत्येक टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागायला हवेत. वळायच्या घाईत एकच हात लागतो. छोटी मुलं बाद होतात ती बहुतेक यातच.

ए-१०३: एवढ्याशा पोरांना एवढं काटेकोर कशाला? खेळू द्या की.

सी-७०१: शेजारच्या लेनमधल्या मुलीने दोन्ही हात लावले आणि त्यात तिचा वेळ गेला. तिला काय सांगायचं?

बी-४०२: मी निवृत्त माणूस, सगळे वार रविवारच. पण गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहणं जमत नाही. काही काम मिळेल?

सी-७०१: काका, तुम्ही टायमिंगला या. सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत, कारण सगळी स्पर्धा जवळून दिसते आणि कोणाला बाद करायचं ओझं नसतं. दोन हीटच्या मध्ये बसताही येतं. फक्त एक सवय लावून घ्यायची. घड्याळ भोंग्याच्या आवाजावर नाही, स्टार्टरच्या यंत्रावरचा दिवा लखलखला की सुरू करायचं. आवाजाला २५ मीटर यायला साधारण सात शतांश सेकंद लागतात आणि निकाल शतांशातच लागतो. शेवटी काठावर वाकून हात भिंतीला लागताना बघायचा. लांबून अंदाजाने बटण दाबलं तर ती वेळ कामाची नाही.

डी-२०५: एका लेनला तीन जण असतात ना? तिघांचं वेगळं आलं तर?

सी-७०१: दोन घड्याळं जुळली तर तीच वेळ. तिन्ही वेगळी आली तर मधली. एक बंद पडलं तर उरलेल्या दोघांची सरासरी. त्यामुळे शेजाऱ्याचं बघून आपलं सांगू नका. आपलं घड्याळ दाखवतंय तेच लिहून द्यायचं.

बी-४०२: यावरून आठवलं. १९६० चं रोम ऑलिंपिक, १०० मीटर फ्रीस्टाइल. अमेरिकेच्या लान्स लार्सनच्या तीन घड्याळांत ५५.०, ५५.१, ५५.१. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटच्या तिन्हींत ५५.२. आणि सुवर्णपदक कोणाला? डेव्हिटला! क्रम तेव्हा नुसत्या डोळ्यांनी ठरवायचे. त्या पंचांचं एकमत होईना, मुख्य पंचांनी डेव्हिटच्या बाजूने निकाल दिला. वर लार्सनची वेळही ५५.२ करून टाकली.

ए-१०३: बघा! म्हणजे पंच चुकतात.

बी-४०२: चुकतात ना. म्हणून तर पुढे टचपॅड आले, म्हणजे हात लागताच वेळ नोंदवणाऱ्या भिंतीवरच्या पाट्या. मग यंत्राचाही अतिरेक झाला. १९७२ ला म्युनिकमध्ये ४०० मीटर मेडलीचं (चारही प्रकारांत पोहायची शर्यत) सुवर्ण सेकंदाच्या दोन सहस्रांशाने ठरवलं. त्यानंतर ते बंद केलं, आता शतांशापर्यंतच. त्यातही बरोबरी झाली तर दोघांना तोच क्रमांक.

डी-२०५: मला टर्न जज, म्हणजे भिंतीपाशी वळणं बघणारा पंच, व्हायला आवडेल. पण पोहता येत नाही, चालेल?

सी-७०१: चालेल. आधी कार्यशाळा, मग नियमांची परीक्षा, मग जुन्या पंचाशेजारी उभं राहून नुसतं बघायचं. मुलांमध्ये वावरायचं असल्यामुळे ओळखपत्र आणि पडताळणीही मागतील, त्यात वावगं वाटून घेऊ नका. नियम पाठ होतात हो. बॅकस्ट्रोकला भिंत पाठीवर सोडायची, बटरफ्लायला पाय एकत्र, ब्रेस्टस्ट्रोक सोडून बाकीच्यांत सुरुवातीला आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर. अवघड असतं ते आपल्या मनाला आवरणं. एखादं पोर इतकं वेडंवाकडं पोहतं की चूक झाली म्हणून हात वर करावासा वाटतो. पण वाईट पोहणं नियमाविरुद्ध नाही. आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. समजा बटरफ्लायच्या टर्नला एक हात भिंतीला लागलेला दिसला, दुसरा अंगाआड होता. दुसरा लागलाच नाही हे तुम्ही पाहिलंय का? नाही. मग गप्प राहायचं, संशयाचा फायदा मुलाला. रेफरी विचारतात, कुठे उभे होता, काय पाहिलं, कोणता नियम मोडला. ‘असं वाटलं’ म्हणालात की बाद करणं तिथेच रद्द.

ए-१०३: म्हणजे आमच्या वेळच्या त्या बाईंनी नक्की पाहिलं असणार, असं म्हणायचंय ना तुम्हाला?

सी-७०१: मला काहीच म्हणायचं नाही. मी तिथे नव्हते. 🙂

ए-१०३: मग व्हिडिओ का नाही बघत?

सी-७०१: तुम्ही गॅलरीतून एका बाजूने काढलेला. भिंतीच्या वर उभं राहून दिसतं ते त्यात येत नाही. आणि आठ लेनच्या पालकांचे आठ व्हिडिओ बघत बसलं तर स्पर्धा दुसऱ्या दिवशी संपेल. तक्रार करता येते, पण ती प्रशिक्षकांनी, ठरलेल्या मुदतीत आणि लेखी. पालकांनी टर्न जजला काठावर गाठायचं नाही. मला एकदा एका आजोबांनी गाठलं होतं, छत्री घेऊन.

डी-२०५: 😂 आपलंच मूल आपल्या लेनला आलं तर?

सी-७०१: आधीच सांगून लेन बदलून घ्यायची. आणि एकदा पंचाचा टी-शर्ट घातला की टाळ्या, ‘चल चल’ सगळं बंद. माझा मुलगा फायनलला होता तेव्हा मी पलीकडच्या टोकाला दुसऱ्याच लेनची भिंत बघत होते. तो कितवा आला ते मला निकालाच्या कागदावर कळलं. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी खुशाल गॅलरीत बसावं, तेही काम कोणीतरी करायला हवंच.

ए-१०३: कार्यशाळेला नुसतं ऐकायला आलं तर चालतं का? नाव आत्ताच देत नाही.

सी-७०१: या की. मागच्या वेळच्या तुमच्या शंकाही तिथे विचारा, नाव न घेता.

डी-२०५: माझं नाव धरा. सोबत काय आणू?

सी-७०१: न घसरणारे बूट आणि पेन्सिल. ओल्या कागदावर पेन चालत नाही.

ॲडमिन: बी-४०२ काका टायमिंगला, डी-२०५ टर्न जजसाठी, ए-१०३ ऐकायला. सी विंगमधून अजून कोणी? पार्किंगचे मेसेज कृपया दुसऱ्या ग्रुपवर.