संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखतींचे ट्रान्स्क्रिप्ट (शब्दशः लेखी नोंदी) सगळ्यांसाठी खुले करायला हवेत का?

पडताळा
नुकताच एक प्रबंध तपासला. '२२ मुलाखतींमधून चार सूत्रे (सामायिक मुद्दे) पुढे आली', पद्धतीबद्दल जवळपास एवढंच. कशी पुढे आली? सूत्रांत न बसणाऱ्या मुलाखतींचं काय केलं? सूत्रं आपोआप वर येत नाहीत, संशोधक ती रचतो, आणि ती रचताना त्याने काय वगळलं हे मला कळायला हवं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग वाटू नये असे) निष्कर्ष होते, पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांतच आले. त्या विषयाने हे उघडपणे मान्य केलं. मुलाखतींवर काम करणारे आपण मात्र 'आमचं संशोधन वेगळं आहे' म्हणून मोकळे होतो. माझं म्हणणं सरळ आहे: नावं काढून ट्रान्स्क्रिप्ट आणि कोडबुक (कोणत्या बोलण्याला कोणतं लेबल, म्हणजे कोड, दिला त्याची यादी) अभिलेखागारात ठेवा.

ओसरी
साफ असहमत. बॉस्टन कॉलेजचा बेलफास्ट प्रकल्प आठवा. २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती झाल्या. तुम्ही जिवंत आहात तोवर काही बाहेर येणार नाही, असा शब्द त्यांना दिला होता. २०११ मध्ये १९७२ च्या एका खुनाच्या तपासासाठी त्या टेप कायदेशीर मार्गाने मागवल्या गेल्या आणि काही पोलिसांच्या हाती गेल्या. ज्यांनी विश्वासाने तोंड उघडलं, त्यांच्या दारात पोलीस आले. यानंतर कोण मोकळं बोलेल?

पडताळा
पण तो संग्रह खुला कुठे होता? तो गुप्तच होता. कायद्यापुढे टिकणार नाही असं वचन दिलं गेलं, ही तिथली चूक. आधीच स्पष्ट सांगून संमती घेतली असती तर फसवणूक झाली नसती.

ओसरी
फसवणूक झाली नसती, तशा मुलाखतीही झाल्या नसत्या! हिंसा सोसलेल्या बायकांच्या मुलाखती मी स्वतः घेतल्या आहेत. तिसऱ्या-चौथ्या भेटीत एखादी म्हणते, 'आता ते रेकॉर्डर बंद करा', आणि मग खरं बोलते. संमतीपत्रावर 'अनोळखी संशोधकही हे वाचतील' असं लिहिलं असतं, तर पहिली भेटसुद्धा मिळाली नसती.

मधली वाट
नावं काढली की काम झालं, हेही मला पटत नाही. मानवशास्त्रज्ञ नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी ग्रामीण आयर्लंडमधल्या एका गावावर १९७९ मध्ये पुस्तक लिहिलं. गावाचं नाव बदललं होतं, तरी माणसांनी स्वतःला ओळखलंच. वीस वर्षांनी बाई परत गेल्या तेव्हा गावाने त्यांना राहू दिलं नाही. बोलण्याची ढब, नात्यांचे उल्लेख, एखादा प्रसंग, एवढ्यावरून जवळचा माणूस ओळखतो. आणि ते सगळं पुसलं तर ट्रान्स्क्रिप्टमध्ये वाचण्यासारखं उरतं काय?
म्हणून माणसं झाकावीत आणि काम उघडं ठेवावं. संशोधनपद्धतीवर लिहिणाऱ्या लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्येच 'ऑडिट ट्रेल' मांडला होता. कोड कधी बदलला, का बदलला, कोणत्या मुलाखतीने आपलं मत हललं, संशोधकाची स्वतःची पार्श्वभूमी काय, याची तारखेसह नोंद. यातून मुलाखत देणाऱ्याला सहसा धोका नाही.

ओसरी
याला माझी हरकत नाही. माझ्या वह्यांत हे असतंच, फक्त कुणी मागत नाही.

पडताळा
मान्य, पण अर्धंच. ती नोंदही संशोधकच लिहिणार. गैरसोयीची मुलाखत त्याने वहीत टिपलीच नाही, तर मला कसं कळणार? निदान बाहेरच्या एका माणसाने, गुप्ततेची हमी देऊन, संशोधकासोबत बसून मूळ ट्रान्स्क्रिप्ट वाचावेत. ओसरी, तुमच्या मुलाखती असा एक माणूस वाचू शकेल?

ओसरी
त्या बायकांना विचारावं लागेल. त्या हो म्हणाल्या तर माझी ना नाही.