दिवाळखोरीत ४०१-के जाईल का?

प्रश्न: नवऱ्याच्या आजारपणात क्रेडिट कार्डांचं कर्ज आवाक्याबाहेर गेलंय. चॅप्टर ७ खाली, म्हणजे मालमत्ता विकून उरलेलं कर्ज माफ करून घ्यायच्या अमेरिकेतल्या मार्गाने, दिवाळखोरीचा अर्ज करायचा विचार आहे. हाताशी फक्त माझा ४०१-के, म्हणजे नोकरीतला निवृत्ती निधी. तो जाणारच असेल, तर आधीच काढून कर्ज फेडू का?

प्रतिसाद: काढू नका, हात जोडून सांगते. नोकरीतल्या ४०१-केला एरिसा या निवृत्ती निधीच्या अमेरिकी कायद्याचं संरक्षण आहे. पॅटरसन विरुद्ध शुमेट खटल्यात १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की असा निधी दिवाळखोरीच्या मालमत्तेत, म्हणजे ज्यातून देणेकऱ्यांचे पैसे भागवतात त्यात, धरायचाच नाही. रकमेची मर्यादाही नाही. काढून बँकेत ठेवलात तर हे कवच जाऊ शकतं, वर प्राप्तिकर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुधा १० टक्के दंड. माझ्या बहिणीने तेच केलं. निम्मं कर्ज फिटलं, दिवाळखोरी टळली नाहीच, म्हातारपणाची पुंजी मात्र गेली. अजून जीव तुटतो.

प्रश्नकर्ती: नवऱ्याने जुन्या नोकरीतला ४०१-के आयआरएत, म्हणजे स्वतःच्या नावच्या निवृत्ती खात्यात, वळवलाय. त्याचं काय?

प्रतिसाद: नीट वळवलेला असेल तर तोही सुरक्षित. स्वतः भरलेल्या आयआरएला मर्यादा आहे, एप्रिल २०२५ पासून १७,११,९७५ डॉलर. वळवलेली रक्कम त्यात मोजत नाहीत.

दुसरा प्रतिसाद: थकलेला केंद्रीय प्राप्तिकर आणि घटस्फोटातला जोडीदाराचा वाटा यांना हे संरक्षण आडवं येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि ताई, सुरक्षित असला तरी अर्जात ४०१-के दाखवावाच लागतो. वकिलाला पहिल्याच भेटीत सगळ्या खात्यांचे कागद द्या.