डक कॉल : लाकूड, ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट?

प्रश्न
नमस्कार. मी अमेरिकेतील अर्कान्सा राज्यात राहतो आणि परवाना काढून या हिवाळ्यात तिथल्याच स्टटगार्ट गावाजवळच्या, पाणी भरलेल्या जंगलात सहकाऱ्यांबरोबर बदकांच्या शिकारीला जाणार आहे. दुकानात कोकोबोलो लाकडाचे तसेच ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकांचे डक कॉल, म्हणजे बदकांना बोलावण्यासाठी त्यांच्यासारखा आवाज काढणाऱ्या फुंकण्याच्या नळ्या, पाहिले. किमतींतील मोठा फरक आवाजात कितपत उतरतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
आवाज मुळात रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी) आणि तिच्याखालचा टोनबोर्ड (रीड जिच्यावर बसते ती वक्र पट्टी) ठरवतो. साहित्याचा प्रभाव त्यानंतरचा, पण तो कानाला स्पष्ट जाणवतो. ॲक्रिलिक घट्ट असल्यामुळे त्याचा आवाज धारदार निघतो व वाऱ्यातही उघड्या पाण्यावर दूरवर जातो, तर लाकडाचा आवाज मऊ असतो आणि झाडांमध्ये जवळ उतरणाऱ्या बदकांसाठी मला तोच योग्य वाटतो. कोकोबोलो आपल्या शिसवीच्याच कुळातले, जड व तेलकट लाकूड आहे, म्हणून ते अक्रोडाच्या लाकडापेक्षा ओलावा कमी धरते.

उत्तर २
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र ओलाव्याचा मुद्दा हलका समजू नये. दिवसभर फुंकताना श्वासाची वाफ आणि थुंकी आत साचते. लाकडी टोनबोर्ड फुगला, तर त्याची वक्रता किंचित बदलते आणि काल जमलेला सूर आज लागत नाही. माझ्या पहिल्या अक्रोडी कॉलचे असेच झाले, आणि ऐन पहाटे, बदके डोक्यावर घिरट्या घालत असताना, तो घोगरा झाला याचे मला आजही वाईट वाटते. त्यानंतर मी बाहेरची नळी लाकडी, पण टोनबोर्ड असलेला आतला भाग ॲक्रिलिकचा, असा कॉल घेतला. लाकडाचा थोडा मऊपणा राहतो व सूर स्थिर राहतो. राळ मुरवलेले लाकूडही चालते.

उत्तर ३
नवशिक्याने प्रथम दोन रीडचा पॉलिकार्बोनेटचा कॉल घ्यावा. तो साच्यात बनतो, त्यामुळे स्वस्त पडतो, पडला तरी सहसा फुटत नाही आणि पाण्याने बिघडत नाही. दोन रीडमुळे सुरांचा पल्ला कमी होतो, परंतु श्वासावर ताबा नसतानाही मॅलार्ड जातीच्या बदकाच्या मादीचा खरखरीत आवाज बऱ्यापैकी निघतो. साहित्य कोणतेही असो, रीड दाबून धरणारा बुचाचा तुकडा कालांतराने दबतो, तो वेळेवर बदलावा. नवा बसवण्यापूर्वी रीडची जागा पेन्सिलीने टोनबोर्डवर आखून ठेवावी.