मदत हवी आहे: सॉर्टीच्या (एका सराव-उड्डाणाच्या) शेवटी शेवटी लँडिंग का बिघडतं?

विमान सेस्ना १७२ एस, टप्पा सोलोच्या (एकट्याने उडवण्याच्या) आधीचा. एका सॉर्टीत आठ टच-अँड-गो (टेकून न थांबता पुन्हा वर). पहिली पाच व्यवस्थित होतात. सहाव्यापासून त्याच त्या चुका: फायनलवर (धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ उतरणीवर) ६५ ऐवजी ७५ नॉट, फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) कधी उशिरा तर कधी फार वर, विमान बलून होतं (पुन्हा वर उचललं जातं) नाहीतर नोज व्हीलवर आधी टेकतं. दुपारच्या सॉर्टीत हे जास्त. दोष हाताचा की थकव्याचा? आणि नेमकं काय बदलायचं? "सराव वाढव" हे उत्तर मिळून झालंय.

रनवे_०९
हात कच्चा असता तर पहिल्याच सर्किटला (धावपट्टीभोवतीच्या फेरीला) दिसलं असतं. थकलेलं डोकं एका गोष्टीला चिकटतं. स्पीड बघत बसलात की सेंटरलाइन सुटते, सेंटरलाइन धरली की स्पीड चढतो. फ्लेअरला नजर नाकापुढच्या डांबरावर अडकते. जमीन इतक्या जवळून बघितली की ती अंगावर आल्यासारखी वाटते, हात योक (विमानाचा दांडा) झटक्यात ओढतो आणि विमान दहा फुटांवर लटकतं. उलट नजर धावपट्टीच्याही पार पलीकडे गेली तर उंचीचा अंदाजच येत नाही आणि नाक आधी आपटतं. तुमच्याकडे दोन्ही चुका आलटून पालटून होतायत, म्हणजे नजर ठरलेल्या जागी जातच नाहीये. राउंडआउट (फ्लेअरची सुरुवात) करताना ती मुद्दाम धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे न्या, तोंडाने बोलून: "टोक".

दहा नॉटचं म्हणाल तर ६५ चे ७५ झाले की ऊर्जा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाढते. ती फ्लोटमध्येच (न टेकता धावपट्टीवर तरंगण्यात) खर्च होणार. विमान तरंगतंय म्हणून नाक दाबलं, की नोज व्हील आधी.

उत्तरवारा
दुपारचं कारण फक्त झोप नाही. २,००० फुटांवरच्या एअरफील्डवर ३८ अंश असतील तर डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५,००० च्या वर जाते. ६५ नॉट इंडिकेटेड (काट्यावर दिसणारे) म्हणजे तिथे खरे ७०. जमीन पळताना दिसते, पण काट्यावर विश्वास ठेवायचा. वर थर्मलचे (तापून वर चढणाऱ्या हवेचे) धक्के आणि बंद कॉकपिटमधला घाम. पाणी सॉर्टीच्या आधीच प्या, वर गेल्यावर नाही.

आणि आदल्या रात्रीचा हिशोब करा. १७ तास सलग जागं राहिलं की प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. १९९७ मध्येच प्रयोगात हे दिसलंय. चहाने डोळे उघडतात, निर्णय सुधारत नाही.

रनवे_०९
यावर उपाय आकड्यांचाच. टच-अँड-गो चारच करा, मग फुल-स्टॉप (पूर्ण थांबा), टॅक्सी-बॅक (जमिनीवरून परत), दहा मिनिटं बाहेर सावलीत, मग उरलेली. शिवाय दमलेल्या डोक्याला टच-अँड-गोमध्ये कामं फार: धावताना फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर घ्यायचे, लँडिंगचा ट्रिम (नाक वर धरणारी सेटिंग) मागेच राहिलेला, त्यावर फुल थ्रॉटल. नाक उसळी मारतं.

दुसरं, ३०० फुटांवर तपासणीचं एक दार ठरवून घ्या. स्पीड ६५ ते ७०, सेंटरलाइनवर, फ्लॅप ठरलेले, चेक्स झालेले. यातलं एक जरी नसेल तर गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर), चर्चा नाही. धावपट्टीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात चाकं टेकली नाहीत तरी तेच.

कोकणचा_आकाशदिवा
लक्ष विचलित होण्याचं कुणी लिहिलं नाही. डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यावरचे) चेक्स अर्धे झाले असताना टॉवरने विचारलं, उत्तर दिलं, आणि पुढचं थेट "हार्नेस" आलं. मिक्सचर (इंधन-हवेचं मिश्रण) राहिलं. मध्ये कुणीही बोललं तर यादी पुन्हा ब्रेक्सपासून. बेसवरून (फायनलच्या आधीच्या टप्प्यावरून) वळताना ट्रॅफिक शोधत मान मागे वळते आणि नकळत बँक (विमानाचा तिरकेपणा) ४५ अंश होतो. तेवढ्याने स्टॉल स्पीड (ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग) १९ टक्के वाढतो. बँक ३० च्या आत ठेवा. ओव्हरशूट झालं (वळताना सेंटरलाइन ओलांडली) तर रडरने (शेपटीच्या सुकाणूने) नाक ओढू नका, ते लँडिंगच सोडून द्या. (सेस्ना १५२ वरून आलेले कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटर गरम करणारा नॉब, शोधण्यात दोन सेकंद घालवतात. १७२ एस फ्युएल इंजेक्टेड आहे, तो नॉब नाहीच.)

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. बाउन्स झालंच तर?

रनवे_०९
छोटा असेल तर नाक लँडिंगच्या ॲटिट्यूडला (कोनाला) धरा, किंचित पॉवर, पुन्हा बसू द्या. दाबायचं नाही. मोठा असेल किंवा दुसरा आला तर फुल थ्रॉटल, नाक ट्रिमविरुद्ध दाबून धरा, उजवा रडर, फ्लॅप २०, स्पीड ६०, मग फ्लॅप १०, अडथळे पार झाल्यावर सुरक्षित उंचीवर पूर्ण वर. तिसऱ्या उसळीपर्यंत थांबलात तर प्रोपेलर जमिनीला लागू शकतो.

नोज व्हील जोरात आपटलं असेल तर "काही दिसत नाही" म्हणून पुढच्या विद्यार्थ्याला विमान देऊ नका. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) सुरकुत्या पडू शकतात आणि काउलिंग (इंजिनचं आवरण) काढल्याशिवाय त्या कळत नाहीत. टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) लिहा, इंजिनिअरला दाखवा.