टॅग एकाच ठिकाणी लावा

तुमचा ओपीएनसेन्स फायरवॉल प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणाऱ्या प्रणालीवर, चालतो. व्हीलॅन २० मधल्या, म्हणजे त्याच तारांवरच्या २० क्रमांकाच्या वेगळ्या आभासी नेटवर्कमधल्या, उपकरणांना आयपी पत्ताच मिळत नाही म्हणताय, तर मला आधी प्रॉक्समॉक्सवरच्या टॅगचा संशय येतो. टॅग म्हणजे फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) लावलेला व्हीलॅनचा क्रमांक. व्हीएमच्या नेटवर्क कार्डाला तिथे २० टॅग दिला असेल, तर ब्रिज (प्रॉक्समॉक्समधला आभासी स्विच) तो काढूनच फ्रेम आत सोडतो. ओपीएनसेन्समधला २० चा इंटरफेस मात्र टॅग असलेल्या फ्रेमचीच वाट पाहतो. म्हणून प्रॉक्समॉक्समधली टॅगची जागा रिकामी ठेवा, ब्रिज ‘व्हीलॅन अवेअर’ करा; मग सगळे टॅग जसेच्या तसे फायरवॉलपर्यंत पोचतील.

स्विचवर सर्व्हरचा पोर्ट २० साठी टॅग्ड, उपकरणाचा अनटॅग्ड. आणि त्या उपकरणाच्या पोर्टचा पीव्हीआयडीही (टॅग नसलेली आत येणारी फ्रेम कोणत्या व्हीलॅनची धरायची तो क्रमांक) २० करा. बऱ्याच स्वस्त स्विचवर तो वेगळ्या पानावर असतो, म्हणून हमखास राहून जातो.

यानंतर आयपी मिळाला पण इंटरनेट चालेना, तर टॅगिंग बरोबर आहे असं समजा. ओपीएनसेन्समधल्या नव्या इंटरफेसवर परवानगीचा एकही नियम नसतो, डीएचसीपीपुरते (आयपी वाटण्यापुरते) नियम तेवढे आपोआप येतात. म्हणून बाकीचे नियम स्वतः लिहा: सर्वांत वर डीएनएसला (साइटच्या नावावरून आयपी शोधणाऱ्या सेवेला) परवानगी, त्याखाली घरातल्या इतर नेटवर्कना मनाई, मग बाकी सगळं खुलं. हा क्रम बदलू नका.

हे सगळं जमेपर्यंत प्रॉक्समॉक्सचं व्यवस्थापन कृपया वेगळ्या, अनटॅग्ड पोर्टवरच राहू द्या.