चुकीचा निर्णय घेतल्यास देवाने नेमलेले पाचारण कायमचे हातून जाते का?

प्रश्न – फोंड्याची परिचारिका

सर्वांना सप्रेम जय ख्रिस्त.

मी फोंड्यात राहते. आमचे कुटुंब मूळचे मिरजेचे असल्यामुळे घरातली प्रार्थना आणि बायबलवाचन अजूनही मराठीतूनच होते. अलीकडे आमच्या प्रार्थनासभेत बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी यिर्मया 29:11 या वचनावर (तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, असे देव त्यात म्हणतो) संदेश दिला. देवाने प्रत्येक विश्वासणाऱ्यासाठी एक योजना आखलेली असते, ती केवळ आज्ञापालनानेच पूर्ण होते आणि एकदा अवज्ञा घडली की ती योजना दुसऱ्याला दिली जाते, असे त्यांनी सांगितले.

मला आयर्लंडमधील एका रुग्णालयातून नोकरीचे पत्र आले आहे. इकडे आई अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळलेली आहे आणि भावाची नोकरी फिरतीची आहे. सभेनंतर मी त्या वक्त्यांना भेटले, तेव्हा परदेशी जाणे हेच माझे पाचारण, म्हणजे देवाने मला सोपवलेले काम, आहे आणि मी थांबले तर ती अवज्ञा ठरेल, असे ते ठामपणे म्हणाले. देवाची आज्ञा मोडण्याची माझी मुळीच इच्छा नाही, परंतु या बाबतीत त्याची आज्ञा कोणती हेच मला उमगत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – वास्कोचा निवृत्त शिक्षक

ताई, ज्या वचनावरून ही भीती आपल्या मनात शिरली, ते वचन कोणाला लिहिले होते ते आधी पाहू. यिर्मयाचे ते पत्र बाबेलमध्ये बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना आहे. त्याच अध्यायात देव त्यांना सांगतो की घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा आणि ज्या नगरात मी तुम्हाला पाठवले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, कारण सुटकेला 70 वर्षे लागतील. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळजण परदेशातच मरणार होते. त्यांनी पाळायची आज्ञा अगदी रोजच्या जगण्यातली होती आणि देवाच्या योजनेचा शेवट त्यांच्या डोळ्यांना दिसणारही नव्हता. एवढ्या मोठ्या आश्वासनाचा उपयोग कोणाला नोकरीविषयी घाबरवण्यासाठी व्हावा, याचे मला मनापासून दुःख होते.

शौल राजाची गोष्ट आपल्याला ठाऊक असेलच (1 शमुवेल 15). अमालेकी लोकांकडील उत्तम मेंढरे त्याने आज्ञेविरुद्ध राखून ठेवली आणि ती यज्ञासाठी आणली आहेत, असे सांगितले. त्यावर संदेष्टा शमुवेल याने त्याला ऐकवले की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. येथे शौलाला आज्ञा कळली नव्हती असे नाही. स्पष्ट सांगितलेली गोष्ट टाळून त्याने तिच्या जागी स्वतःच्या पसंतीची भक्ती ठेवली. आपले तसे नाही. आपल्याला न सांगितलेली गोष्ट ओळखता आली नाही, तर तिला अवज्ञा म्हणता येत नाही.

सांगितलेली एक गोष्ट मात्र आपल्यापुढे आहे, ती म्हणजे आईबापांचा मान राखणे. मार्क 7 मध्ये प्रभू येशू परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, याच आज्ञेवरून खडसावतो, कारण ते आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे सांगून मोकळे होत असत. म्हणून आईच्या सेवेची पक्की व्यवस्था होईपर्यंत आपण जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर – सांकवाळचा वाचक

गुरुजींनी शौलाविषयी जे लिहिले ते मला पटले, परंतु शेवटच्या निष्कर्षाला मी एक पुस्ती जोडू इच्छितो. घरी थांबणे हेच नेहमी आज्ञापालन असते, असा नियम त्यातून निघू नये.

आमच्या सांकवाळला संत जोसेफ वाझ यांचे वाडवडिलांचे घर आहे. 1651 साली बाणावलीत जन्मलेल्या आणि 1676 मध्ये धर्मगुरू झालेल्या या माणसाला सिलोनमधील (आजच्या श्रीलंकेतील) कॅथलिकांची ओढ लागली होती, कारण तेथे डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. त्यांनी स्वतःहून जाण्याची तयारी दाखवली, पण 1681 मध्ये वरिष्ठांनी त्यांना कानडा प्रांतात (आजच्या कर्नाटकाच्या किनारपट्टीवर) धाडले आणि ते तक्रार न करता गेले. तेथून परतल्यावर 1685 मध्ये जुन्या गोव्यातील धर्मगुरूंच्या लहानशा समूहात ते सामील झाले, त्याचे प्रमुखही झाले आणि मग त्या पदातून रीतसर मोकळे होऊन 1687 मध्ये मजुराच्या वेशात जाफन्याला पोचले. सिलोनमधल्याच कँडीत हेर समजून त्यांना कैद झाली. 1697 मध्ये तेथे देवीची साथ आली, तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली. 16 जानेवारी 1711 रोजी ते कँडीतच वारले; गोव्याला परतणे झालेच नाही. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत घोषित केले.

ताई, ‘कानड्याला गेलो तर सिलोनचे पाचारण दुसऱ्याला जाईल’ असे म्हणून ते हटून बसले असते, तर त्याला आज्ञापालन म्हणता आले असते का? समोर आलेले काम त्यांनी केले. आणि पुढे गेले तेही कोणी भाकीत केले म्हणून नव्हे, तर तेथे धर्मगुरूंची गरज होती आणि वरिष्ठांची संमती मिळाली म्हणून. आपणही प्रार्थनेबरोबर हेच तपासावे, असे मला वाटते. तिकडे आपली गरज कशासाठी आहे? भाऊ, डॉक्टर आणि आपल्याला जवळून ओळखणारे पाळक काय म्हणतात? आणि स्वतः आई काय म्हणते? आपल्या पत्रात आईचे मत कोठेच आलेले नाही.

फोंड्याची परिचारिका

दोघांचेही मनापासून आभार. आईला बोलणे कठीण जाते, पण सर्व समजते. तिला विचारायचे माझ्याकडून राहून गेले, ते आज विचारीन. तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. देवाच्या सेवकाचा शब्द मी नाकारला आणि तो खरोखर देवाकडून असला तर?

उत्तर – म्हापशाची शास्त्राभ्यासक

ताई, वक्त्यांचा मान राखावा, पण त्यांचा शब्द पारखून घ्यावा. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल दोन्ही गोष्टी लागोपाठ सांगतो: संदेशांचा धिक्कार करू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा. एका भेटीत दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय सांगून वर अवज्ञेचा धाक घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपण प्रश्न विचारला म्हणून देव रागावेल, असेही मानू नका; गब्रिएल दूताला ‘हे कसे होईल’ असे विचारूनच मरियेने होकार दिला होता.

राहिला योजना हातून जाण्याचा प्रश्न. संदेष्टा योना याला निनवे नगराला जाण्याची आज्ञा स्पष्ट होती, तरी तो तार्शीशच्या जहाजात बसला. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी देवाचे वचन त्याच्याकडे दुसऱ्यांदा आले आणि तेही त्याच निनवेसाठी. पंफुल्यात सोबत सोडून परत गेलेल्या योहान मार्कला पुढच्या प्रवासात बरोबर घ्यायला पौल तयार नव्हता, एवढा की त्यावरून तो आणि बर्णबा वेगळे झाले. तोच पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. ही माणसे तर जाणूनबुजून मागे फिरली होती. आपण आईच्या उशाशी बसून देवाची इच्छा विचारीत आहात.