मदत हवी आहे : जुनी होंडा बीट घेण्यापूर्वी काय तपासावे?
मी इंग्लंडमध्ये राहतो आणि जपानहून आयात झालेली, १९९१ सालची होंडा बीट ही उघड्या छताची दोन आसनी गाडी घेण्याचा विचार करीत आहे. आसनांच्या मागे बसवलेले अवघे ६५६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन टर्बोशिवाय ८,१०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) ६४ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) इतकी शक्ती देते, या रचनेवर माझा फार दिवसांपासून जीव आहे. येथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून दारांखालचे पत्रे गंजले आहेत का, हे मी पाहणारच आहे. मात्र या गाड्यांच्या ईसीयूमधील (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकातील) जुने कपॅसिटर गळून सर्किट बोर्ड खराब होतो. हा दोष गाडी सुरळीत चालत असतानाही ओळखता येतो, की ईसीयू उघडूनच पाहावा लागतो? टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) बदलल्याची नोंदही विक्रेत्याकडे नाही, तेव्हा तो लगेच बदलून घ्यावा का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.